सुपाची खूण

वकीलसाहेबांची मोटार अंगणात येऊन उभी राहिली तेव्हा मी ओसरीच्या पायरीवर सूप घेऊन बसले होते. त्यांचे ड्रायव्हर याकूबचाचा इंजिन बंद करायला गेले, तसा आबांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"राहू दे चालू. काय म्हनती?"

"काय म्हनती! कालपासनं दार ठोकतीया," याकूबचाचा खाली उतरत म्हणाले. "साहेबास्नी पाव्हण्या बाईंना राजगड दावायचा व्हता. पालीपत्तूर नेली गाडी, बैलगाडीच्या चाकोरीतनं. म्या म्हनलं, साहेब, ही मोटार हाय, शेळी न्हवं. पर ऐकत्यात व्हय?"

मागच्या बैठकीवर वकीलसाहेब हसले. "याकूब, तुझं गाऱ्हाणं मिस्त्रींना सांग. बाईंना कशाला ऐकवतोस?"

आबांनी बॉनेट उघडलं. कमरेला खोचलेली बाभळीची वीतभर काठी काढली, तिचं एक टोक इंजिनावर टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस आता गाडीच्या पोटातलं सगळं ऐकतो आहे. मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

आबांना ऐकू येत नव्हतं. अख्ख्या भोरात ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती: आबांना, आईला आणि मला.

आमचं मूळ घर उत्रोलीचं. भाटघरच्या धरणाचं काम निघालं तेव्हा आबा शेत भावावर टाकून तिथे गेले, पाणी उपसायच्या इंजिनांवर लागले आणि तिथेच मिस्त्रीकाम शिकले. इंजिनं खडकापाशी असायची, आणि खडकात रोज सुरुंग उडायचे. इंजिन सोडून लांब पळायला सगळ्यांना जमायचं नाही. धरण पुरं होऊन आबा भोरात आले, त्यांनी अंगणात कारखाना घातला, आणि त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत त्यांचे कान हळूहळू मिटत गेले. माणूस समोर उभा राहून बोलला तर थोडं पोचायचं, उरलेलं ते ओठांवरून ओळखायचे. इंजिनाला ओठ नसतात.

आणि मिस्त्रीचा धंदा म्हणजे कान. तो गेला हे कळलं असतं तर संस्थानातल्या सात-आठ मोटारींपैकी एकही आमच्या अंगणात आली नसती.

मी नऊ वर्षांची असताना एके दिवशी त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, "चंद्रे, ह्या गाडीचा आवाज कशावानी येतोय गं?" मी म्हटलं, "परातीत तांदूळ सांडल्यावानी." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हरवलेलं काही हाती लागलं. त्या दिवसापासून आमची भाषा सुरू झाली. चढावर बारीक तडतड येते, ती तांदूळ. ठिणगी लवकर पडते, नाहीतर आत काजळी धरलेली असते. ठिणगीची दांडी जरा मागे घ्यायची, फार तर डोकं उघडून काजळी खरवडायची, अर्ध्या दिवसाचं काम. पण खालून, जड, अंगात शिरणारा ठोका आला की ते मुसळ. दट्ट्याच्या दांड्याचं बेअरिंग झिजलेलं असतं. अशी गाडी एक मैलसुद्धा हाकायची नाही. इंजिन खाली काढायचं.

गिऱ्हाइकासमोर हे बोलता येत नसे. म्हणून सूप. गाडी आली की मी पायरीवर तांदूळ निवडायला बसायची. मिस्त्रीची पोर आईला हातभार लावते आहे, त्यात कुणाला काय दिसणार! आबा काठी कानाला लावून माझ्याकडे पाहायचे. मी सूप पाखडलं तर तांदूळ. सूप खाली ठेवून मुठीनं जमिनीवर दोनदा ठोकलं तर मुसळ. किडा चिरडतात तसं. सात वर्षांत आमचं निदान एकदाही चुकलं नव्हतं. "रखमाजी मिस्त्रीचा कान" असं लोक म्हणायचे. तेव्हा आबा खाली मान घालून हात पुसायचे.

त्या दिवशी, छत्तीस सालच्या उन्हाळ्यात, मी सोळा वर्षांची होते आणि फायनलच्या परीक्षेत पहिली आले होते.

आबांनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवून पहिल्या प्लगची ठिणगी मारली, म्हणजे तेवढं सिलिंडर बंद पाडलं. आवाज तसाच. दुसऱ्याची मारली. तसाच. तिसऱ्याची मारताच ठोका एकदम मऊ पडला, सोडताच परत आला. मुसळ, तिसरं सिलिंडर. आंधळ्यालाही सांगता आलं असतं. मी सूप खाली ठेवणार, इतक्यात मोटारीचं मागचं दार उघडून पाहुण्या बाई उतरल्या आणि थेट माझ्यापुढे आल्या.

"तू चंद्रा ना? फायनलला पहिली आलेली?"

मी सूप हातात घेऊनच उभी राहिले. बाई पुण्याच्या मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवत होत्या. पांढरं पातळ, पायात चपला, हातात घड्याळ. बाईमाणसाच्या हातात घड्याळ मी पहिल्यांदा पाहत होते.

"काय काय वाचलंस?"

मी सांगू लागले. वाचनालयाच्या कपाटात होतं ते सगळं मी वाचलं होतं. बोलताना 'न्हाई' तोंडात येऊ नये म्हणून मी प्रत्येक शब्द आधी मनात तपासत होते. बाई ऐकत होत्या, मधूनच मान हलवत होत्या. मागे इंजिन धडधडत होतं, आणि बाईंच्या खांद्यावरून आबा माझ्याकडे पाहत होते.

"उद्या प्रवेशाच्या मुलाखती आहेत," बाई म्हणाल्या. "आम्ही आत्ताच निघतोय. चल आमच्याबरोबर गाडीतून. राहायची सोय मी करते."

मी आबांकडे पाहिलं. त्यांनी भुवया किंचित उचलल्या. काय आहे?

मला खाली बसून मातीत मूठ आपटायची होती. दोनदा. बाईंच्या पायाशी. इतकंच करायचं होतं.

पुढे कित्येकदा मी स्वतःसाठी कारणं जुळवून पाहिली. इंजिन उघडलं असतं तर गाडी चार दिवस हलली नसती, ही खरी गोष्ट. पण दुपारच्या, उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं बाईंबरोबर जाता आलं असतं, हीही खरीच, आणि ती मला तेव्हाही कळत होती. तोवर बाईंना आमच्या ओसरीवर बसावं लागलं असतं. आईनं त्यांना कान तुटलेल्या कपातून चहा दिला असता. आणि मला मोटारीतून जायचं होतं. कारण एवढंच होतं. याहून मोठं काही असतं तर बरं झालं असतं.

मी सूप एकदा पाखडलं. हलकेच, नजर दुसरीकडे वळवून.

आबा जागचे हलले नाहीत. त्यांनी काठी कमरेला खोचली आणि पालथा पंजा मडगार्डवर ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. तेव्हा मला वाटलं, टेकून उभे आहेत.

"ठिनगीचं हाय, साहेब," शेवटी ते म्हणाले. त्यांनी दांडी मागे घेतली. मग आत जाऊन जाड तेलाचा डबा आणला आणि इंजिनात बरंच तेल ओतलं. "याकूब, सावकाश ने. पंधराच्या वर न्यायची न्हाई. चढ आला की आदीच गेर बदल."

"आज लई जपतुयास रं तिला," याकूबचाचा म्हणाले. "पोरगी बसनार म्हनून व्हय?"

"व्हय," आबा म्हणाले.

तांदळाच्या आवाजाला जाड तेल लागत नाही. हे मला ठाऊक होतं. पण मी आत धावले होते, ट्रंकेत पातळं भरायला.

वाटभर मी ते ऐकत होते. जाड तेलानं ठोका दबला होता, पण माझ्या तळपायांना तो लागत होता. कापूरहोळपर्यंत याकूबचाचांनी गाडी अगदी सावकाश आणली. मग वकीलसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "अरे, बैलगाडी हाकतोयस का? बाईंना दुपारी मीटिंग आहे." याकूबचाचा म्हणाले, "मिस्त्रींनी सांगितलंय, साहेब." वकीलसाहेब म्हणाले, "गाडी मिस्त्रींची की माझी?"

वेग वाढला. ठोका वाढला. बाई मला पुण्याच्या ग्रंथालयाबद्दल सांगत होत्या आणि मी 'हो, हो' म्हणत होते. अजूनही बोलता आलं असतं. "थांबवा" हा एकच शब्द होता, आणि तो प्रमाण भाषेतही तसाच म्हणतात.

वरवे गावाच्या पुढच्या चढाला खालून लोखंड फुटल्याचा आवाज झाला. धूर आला, इंजिन जागच्या जागी बंद पडलं, आणि गाडी उतारावरून मागे घसरू लागली. ब्रेक पुरेनात. डाव्या अंगाला ओढ्याचा खड्डा होता. याकूबचाचांनी चाक पिरगाळून गाडीचं ढुंगण उजवीकडच्या दरडीवर घातलं. दणका बसला तसं चाक त्यांच्या हातात उलटं फिरलं आणि मनगट मोडलं. आम्हा तिघांना खरचटलंसुद्धा नाही.

भोरकडे निघालेल्या एका मोटारीबरोबर निरोप गेला. दुपारच्या सर्व्हिस मोटारीनं आबा आले. तोवर वकीलसाहेबांच्या उपरण्याची झोळी करून याकूबचाचांचा हात गळ्यात बांधला होता, आणि वरव्याची पंधरा-वीस माणसं भोवती जमली होती. वकीलसाहेबांच्या रागाला वाट हवी होती, ती त्यांना सापडली होती.

"पालीहून आल्यावर तेल पाहिलं होतंस? खाली दगड लागला तेव्हाच गळलं असणार. ही गाडी तू खाल्लीस, याकूब. उद्यापासून येऊ नकोस."

"साहेब, घरी चार पोरं हायती—"

"ते हयगय करायच्या आधी आठवायचं."

आबा गाडीखाली सरपटत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या तळहातावर बेअरिंगच्या वितळलेल्या पांढऱ्या धातूचे तुकडे होते. ते त्यांनी वकीलसाहेबांपुढे धरले.

"याकूबची चूक न्हाई, साहेब. माजी हाय. हे सकाळीच झिजल्यालं व्हतं."

"पण तुम्ही तर म्हणालात, ठिणगीचं आहे."

"मला ऐकू येत न्हाई."

"म्हणजे?"

"बहिरा हाय म्या. लई वर्सं झाली. काठी निस्ती दावायला लावतो."

 मग गर्दीतून एकजण म्हणाला, "आयला! बहिरा मिस्त्री! उद्या आंधळा डायवर ठिवा मंजी जोडी जमंल," आणि सगळे हसले.

वकीलसाहेब आबांना नेहमी 'अहो मिस्त्री' म्हणायचे. ते आता म्हणाले, "अरे, मग इतकी वर्षं गाड्या नीट कशा केल्यास?"

मी दोन पावलांवर उभी होते. माझी पोर ऐकते, एवढंच आबांनी म्हटलं असतं तरी पुरे होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"नशीब, साहेब," ते म्हणाले. "याकूबला काडू नका."

बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नकोस गं. यात तुझा काय दोष?"

सर्व्हिस मोटार पुढे पुण्याला निघायची होती. वकीलसाहेबांसाठी ती इतका वेळ खोळंबली होती. आबांनी माझी ट्रंक टपावर चढवली आणि दोरी ओढून पाहिली. "जा," म्हणाले. "नीट बोल उद्या." मी बाईंशेजारी जाऊन बसले. खाली उतरायला हवं होतं, आणि मी बसले. मोटार हलली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. आबा रस्त्याच्या कडेला याकूबचाचांपुढे उकिडवे बसले होते. त्यांनी कमरेची बाभळीची काठी काढून चाचांच्या मनगटाखाली धरली होती आणि डोक्याचं पागोटं सोडून पट्टी फाडत होते. त्यांचं उघडं डोकं मी रस्त्यावर कधी पाहिलं नव्हतं.

मला प्रवेश मिळाला. मुलाखतीत मी छान बोलले.

महिन्याभरात आमच्या अंगणात गाड्या येणं बंद झालं. वकीलसाहेबांनी याकूबचाचांना ठेवून घेतलं, तेवढं झालं. आबा आईला घेऊन उत्रोलीला परतले आणि तिथल्या भाताच्या गिरणीच्या इंजिनावर लागले. ते दिवसभर एकाच चालीनं चालायचं. त्याला कान लागत नव्हते. वसतिगृहात मुली विचारायच्या, तुझे वडील काय करतात? मी म्हणायची, उत्रोलीला भाताची गिरणी आहे. खोटं नव्हतं. माझी खोटी वाक्यं बहुधा अशीच असत.

मी शिक्षिका झाले, पुण्यात खोली घेतली. सुट्टीत घरी जायची तेव्हा आबा माझ्यासमोर बसून माझ्या ओठांकडे पाहायचे. शाळेतलं सांग म्हणायचे. बारा वर्षं ते माझ्या ओठांकडे पाहत होते. आणि मी शाळेतलंच सांगत राहिले.

गेल्या पौषात ते गेले. तीन दिवसांचा ताप. तार मिळून मी पोचले तेव्हा गिरणी बंद होती, त्यावरूनच मला वेशीत कळलं.

तेराव्याच्या आदल्या दिवशी सकाळी याकूबचाचा आले. आता त्यांची दाढी पांढरी झाली आहे. उजवं मनगट वाकडं जुळलं, तेव्हापासून ते पाण्याचा तांब्याही डाव्या हातानं उचलतात. ओसरीच्या कडेला बसून त्यांनी पंच्यात गुंडाळलेली काठी काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"तुज्या बाची हाय. हाड जुळल्यावर द्याया गेलो, तर म्हनला, ठिव तुज्याकडंच. आता तू घे."

काठी मधोमध गुळगुळीत झाली होती. मी ती हातात घेतली नाही.

"चाचा," मी म्हटलं, "तवा सकाळी मला ऐकू आलं व्हतं. गाडीचं. आबा न्हवं, म्या ऐकायची. म्या त्यास्नी मुद्दाम खोटी खून केली."

किती वर्षांनी मी घरचं बोलले होते. याकूबचाचांनी अंगणाकडे पाहिलं.

"ठावं हाय."

"कुनी सांगितलं?"

"त्यानंच. तितंच, रस्त्यावर, हात बांदायच्या आदी. म्हनला, याकूब, ऐक आन् मग पायजे तर थुक माज्या तोंडावर. म्हनला, कान गेलं पर हात हायती. मडगार्डवर हात ठिवला तवा मला मुसळ लागलं. पोरीनं तांदूळ दावलं. तिचं त्वांड बगितलं, तिला जायचं व्हतं. वाटलं, जाड तेल घालतो, सावकाश गेली तर पुन्यापत्तूर निगंल. तुजा हात म्या मोडला, म्हनला."

गोठ्यात म्हशीनं साखळी ओढली. 

"मंग तुमी काय म्हनला?"

"काय म्हननार? म्हनलं, आदी हात बांद, लई दुकतुया." चाचा जरा हसले, मग हसणं थांबलं. "पोरी, मला सांगून काय उपेग? माजा हात जुळला. त्याला सांगाय पायजे व्हतंस. वाट बगायचा. दर सुट्टीला म्हनायचा, ह्या टायमाला बोलंल."

ते उठले. जाताना गिरणीच्या बंद दाराला त्यांनी वाकड्या हातानं स्पर्श केला आणि पांदीनं भोरच्या रस्त्याला लागले.

दुपारी तेराव्याच्या जेवणाचे तांदूळ निवडायला शेजारपाजारच्या बायका जमल्या. अंबूबाईंनी माझ्यापुढे सूप सरकवलं. "तुला येतंय का अजून, का पुन्यात इसरलीस?" कुणीतरी हसलं. घर दुःखाचं असलं तरी बायका एकत्र बसल्या की हसतातच.

हातांना सगळं येत होतं. आंबेमोहोराचा वास उठला. समोर अंगणाच्या कोपऱ्यात, जिथे आबा संध्याकाळी गिरणीतून येऊन उभे राहायचे आणि अंगावरचा कोंडा झटकायचे, तिथे ऊन पडलं होतं. मी तिकडे पाहिलं. सूप खाली ठेवलं. मूठ वळली आणि सारवलेल्या जमिनीवर ठोकली. एकदा. मग आणखी एकदा.

"काय गं?" अंबूबाई वाकून पाहू लागल्या. "किडा व्हता?"

मी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.